रात्रीचं ड्रायव्हिंग: नवशिक्यांसाठी, अगदी पहिल्यापासून

दिवसा गाडी जमायला लागली की आपल्याला वाटतं झालं, आता कधीही कुठेही निघू शकतो. मलाही तसंच वाटलं होतं. लायसन्स मिळून चार महिने झाले होते आणि एका रात्री पहिल्यांदाच एकटी गाडी घेऊन निघाले, रस्त्यावर खांबांचे दिवे होते, समोरच्या गाड्या नीट दिसत होत्या, डॅशबोर्ड मस्त उजळलेला, आणि जो तो मला हॉर्न मारतोय नाहीतर लाईट चमकवतोय. एवढी कसली घाई आहे सगळ्यांना म्हणून मी मनातल्या मनात शिव्या घालत अर्धा तास चालवली. शेवटी सिग्नलला एका बाईकवाल्या काकांनी काचेवर टकटक केलं आणि म्हणाले, "ताई, लाईट लावा की आता!" माझे हेडलाईट लागलेलेच नव्हते. पुढचे ते बारके दिवसा लागणारे एलईडी तेवढे आपोआप पेटले होते, मागचे टेललाईट बंद, म्हणजे मागून येणाऱ्याला मी अर्धा तास जवळजवळ दिसतच नव्हते.

त्याला आता बरीच वर्षं झाली, रात्रीचं भरपूर चालवून झालं आणि सध्या भाच्याला शिकवतेय. त्याला जे जे सांगितलं ते इथे क्रमाने लिहितेय. कार डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय पण टू-व्हीलरवाल्यांनाही बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी एक हिशोब

रात्रीचा नियम खरं तर एकच आहे. तुमच्या लाईटमध्ये जेवढा रस्ता दिसतोय तेवढ्यात गाडी थांबवता आली पाहिजे. ऐकायला अगदीच बाळबोध वाटतं, पण आकडे बघा. ताशी ६० किलोमीटरने जाताना गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते, ८० ला २२ आणि १०० ला २८. काहीतरी दिसलं, ते काय आहे ते कळलं, मग पाय ब्रेकवर गेला, एवढ्यात दीड सेकंद सहज जातो. त्यानंतर ब्रेक लागून गाडी थांबायला आणखी अंतर लागतं. रस्ता कोरडा आणि टायर बरे आहेत असं धरलं तर ६० ला एकूण ४५ मीटरच्या आसपास, ८० ला ७० आणि १०० ला जवळजवळ १०० मीटर.

आता दुसरी बाजू. लो बीमवर म्हणजे डिपरवर नीट असं दिसतं ते साधारण ४० ते ६० मीटर. गडद कपडे घातलेला माणूस तर त्याहूनही जवळ आल्यावर दिसतो. म्हणजे अंधाऱ्या रस्त्यावर लो बीमवर ८० ने चाललात तर तो माणूस दिसेल तेव्हा थांबायला जागा उरलेलीच नसते, तुम्ही कितीही तरबेज असा. ब्रेक लागतो, पण उशिरा.

स्वतःचा वेग बरोबर आहे का हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. उजेडाच्या अगदी टोकाला रस्त्यावरची एखादी साधी गोष्ट पकडायची, खड्डा, डांबराचा ठिगळ, गवताचा झुपका, काहीही. पाटी किंवा रिफ्लेक्टर पकडायचा नाही कारण ते चमकतात आणि फार लांबून दिसतात. ती गोष्ट दिसल्या क्षणापासून "एक हजार एक, एक हजार दोन" असं मोजायला लागायचं. चार मोजून व्हायच्या आत तिच्यावरून गेलात तर वेग जास्त आहे, कमी करा. भाच्याने पहिल्यांदा मोजलं तेव्हा तो अडीचला पोचला होता आणि त्याच्या मते आम्ही "रेंगाळत" चाललो होतो. रात्री असंच होतं, बाजूची झाडं घरं दिसत नाहीत ना, त्यामुळे वेगाचा अंदाजच येत नाही. म्हणून मधूनमधून स्पीडोमीटर बघत जा, रात्री अंदाजावर विसंबू नका.

निघायच्या आधी, उजेड असतानाच

काच. पुढची काच बाहेरून सगळेच पुसतात, आतून कोणी पुसत नाही. आतल्या बाजूला एक पातळ तेलकट थर बसतो, डॅशबोर्डचं प्लास्टिक उन्हात तापून त्यातून वाफा निघतात त्याचा, शिवाय आपला श्वास आणि हाताचे डाग. दिवसा हा थर दिसतही नाही. रात्री समोरून गाडी आली की तिचा उजेड त्या थरावर पसरतो आणि सगळी काच दुधासारखी पांढरी होते. मी कित्येक महिने समजत होते की माझे डोळे बिघडलेत. मग एकदा ओल्या मायक्रोफायबरच्या फडक्याने आतून पुसली, लगेच कोरड्या फडक्याने पुसली, आणि फडक्यावर करडा राखेसारखा डाग आला. त्या रात्री जणू नवीन गाडी चालवतेय असं वाटलं. वायपरचं रबर कडक झालं असेल तर तेही बदला, पट्टे उमटतात ते रात्रीच नडतात.

हेडलाईट. जुन्या गाड्यांच्या हेडलाईटची प्लास्टिकची काच उन्हाने पिवळट धुरकट होते, त्यातून अर्धा उजेड आतच राहतो, पॉलिश करून घेता येते किंवा बदलता येते. हॅलोजन बल्ब असेल तर एक गेला की दोन्ही बदला, दुसराही तेवढाच जुना असतो. आणि बल्बच्या काचेला बोट लावू नका, हाताचं तेल लागलं की तिथे जास्त तापून तो लवकर उडतो.

दोन मिनिटांत तपासायचं असेल तर गाडी भिंतीसमोर उभी करा, लाईट लावा, दोन्ही झोत दिसले पाहिजेत. मग गाडीचं तोंड फिरवून मागची बाजू भिंतीकडे करा आणि ब्रेक दाबून आरशात बघा, भिंतीवर लाल उजेड पडतो त्यावरून ब्रेकलाईट एकटं असतानाही कळतात. लाईटची उंचीही याच भिंतीवर कळते. साधारण १० मीटरवर उभं राहिलं तर लो बीमची वरची कडा हेडलाईटच्या उंचीपेक्षा १० सेंटीमीटरच्या आसपास खाली पडायला हवी. कडा सरळ नसेल, एका बाजूला किंचित वर चढलेली असेल तर घाबरू नका, ते मुद्दाम असतं, आपल्या बाजूची रस्त्याची कड जास्त लांबपर्यंत दिसावी आणि समोरच्याच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून.

बऱ्याच गाड्यांत स्टेअरिंगच्या बाजूला ०, १, २, ३ लिहिलेलं एक चाक असतं आणि ते कशासाठी आहे हे बहुतेकांना माहीतच नसतं. मागे माणसं, डिकीत सामान भरलं की गाडीचं ढुंगण खाली बसतं आणि नाक वर होतं, मग लो बीमसुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जातो. हे चाक फिरवलं की झोत खाली येतो, आकडा जितका मोठा तितका खाली. एकटे असाल तर शून्यावर ठेवा.

आणि एक विनंती. हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाईटमध्ये बाहेरून आणलेला पांढराशुभ्र एलईडी बल्ब ठोकू नका. आतला आरसा ज्या ठिकाणच्या तारेसाठी बनवलाय त्या ठिकाणी उजेड नसला की झोत चहूबाजूंना फाकतो. गाडीच्या पुढ्यातला रस्ता लख्ख दिसतो म्हणून आपण खूश होतो, पण लांबचं दिसणं वाढत नाही, आणि समोरचा बिचारा आंधळा होतो.

डोळे. चष्म्याचा नंबर असेल तर रात्री चष्मा लावूनच चालवा, नंबर थोडाच आहे म्हणून सोडून देऊ नका, अंधारात डोळ्याची बाहुली मोठी उघडते आणि थोडासा नंबरही जास्त जाणवतो. काचेवर अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग असेल तर चांगलंच. ते पिवळे "नाईट ड्रायव्हिंग" चष्मे मात्र घेऊ नका, काच रंगीत म्हणजे ती काही ना काही उजेड अडवणारच, आणि रात्री आधीच उजेड कमी. हेल्मेटचा काळा वायझर रात्री वापरणारे पण आहेत, त्यांना काय म्हणायचं. वयाचाही परिणाम होतो, साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, मोतीबिंदू सुरू झाला असेल तर दिव्यांभोवती वलयं दिसतात. असं काही वाटलं तर डोळे तपासून घ्या.

गाडीत बसल्यावर

लाईटचं बटण ऑटोवर असेल तरी एकदा हाताने फिरवून बघा. डॅशबोर्ड उजळला म्हणजे लाईट लागले असं अजिबात नाही, माझी फजिती त्यातूनच झाली. डॅशबोर्डवर हिरवं हेडलाईटचं चिन्ह दिसलं पाहिजे, निळं दिसलं तर हाय बीम चालू आहे.

डॅशबोर्डचा उजेड कमी करा, स्क्रीनवर नकाशा असेल तर काळ्या मोडवर टाका, आतला दिवा बंद. मागे बसलेल्या कोणाला काही शोधायचं असेल तर मोबाईलची टॉर्च खाली धरून शोधू दे. याचं कारण असं की आपला डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं घेतो आणि तो सराव मोडायला एक झगझगीत स्क्रीन पुरते. उजळलेल्या खोलीतून उठून थेट अंधाऱ्या रस्त्यावर निघत असाल तर पहिली पाच-दहा मिनिटं तरी सावकाश चालवा.

मधल्या आरशाखाली एक छोटी दांडी असते. ती ओढली की मागच्या गाडीचा उजेड एकदम मंद होतो. आरशाची काच पाचरीसारखी असते, एरवी मागच्या चकचकीत थरातून प्रतिबिंब दिसतं, दांडी ओढली की पुढच्या साध्या काचेवरचं दिसतं, आणि साधी काच फक्त ४ टक्क्यांच्या आसपास उजेड परत पाठवते. मागचा हाय बीम लावून चिकटला असेल तर मोठाच आधार. फक्त अशा वेळी मागची गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते एवढं लक्षात ठेवा.

अप्पर-डिपर

नवीन लोक दोन टोकं करतात. काही जण हाय बीम लावून ठेवतात तो ठेवतातच, आणि काही जण लोकांना त्रास नको म्हणून कधी लावतच नाहीत. दुसरी चूकही तेवढीच वाईट आहे. रस्त्यावर खांबांचे दिवे नाहीत, समोर कोणी नाही, पुढे कोणी नाही, मग हाय बीम लावायचाच, तो त्यासाठीच दिलाय, त्याने नजर १०० मीटरच्या पलीकडे जाते.

समोरून गाडी दिसली की डिपर, आणि ती जवळ यायची वाट बघायची नाही, दीडदोनशे मीटर आधीच. वळणावर तर गाडी दिसायच्या आधी तिचा उजेड झाडांवर, कठड्यावर, तारांवर पडलेला दिसतो, तेव्हाच डिपर करा. घाटात याचा फार उपयोग होतो, उलट वळणाच्या पलीकडे कोणी आहे की नाही हे दिवसापेक्षा रात्री आधी कळतं. पुढे कोणाच्या मागे चालत असाल तरीही डिपरच, त्याच्या तिन्ही आरशांत तुमचा लाईट असतो हे विसरू नका. सायकलवाला आणि पायी चालणारा यांच्यासाठीही डिपर करा, त्यांनाही डोळे असतात.

समोरचा डिपर करत नसेल तर एकदा चमकवून आठवण करा, तेवढंच. त्याला धडा शिकवायला म्हणून आपणही हाय बीम ठेवला की एकाच ठिकाणी दोन आंधळे समोरासमोर येतात.

डोळे दिपले की

उजेडाकडे बघायचं नाही. सोपं वाटतं पण डोळा आपोआप तिकडेच ओढला जातो, आणि गंमत म्हणजे जिकडे नजर तिकडे हळूहळू स्टेअरिंगही जातं. नजर आपल्या बाजूच्या रस्त्याच्या कडेवर न्या, तिथली पांढरी पट्टी धरा, पट्टी नसेल तर डांबर संपून माती सुरू होते ती रेघ. पाय अॅक्सिलरेटरवरून काढा. जोरात ब्रेक मारू नका, मागच्यालाही तोच उजेड लागतोय.

गाडी पार झाली की लगेच वेग वाढवू नका. त्यानंतर काही सेकंद डोळ्यासमोर नुसता काळा डाग असतो आणि नेमका त्याच काळ्या डागात कोणीतरी रस्ता ओलांडत असू शकतो. समोरची गाडी पार व्हायच्या वेळी तिच्या मागे काय आहे हे तुम्हाला बिलकूल दिसत नसतं, ही सगळ्यात वाईट जागा.

काळोख वाचायला शिका

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि शिकवणीत हा कोणी शिकवत नाही.

एका रात्री मी सपाट सरळ रस्त्याने येत होते, हाय बीम चालू, समोर कोणी नाही, कडेच्या पट्टीवरचे रिफ्लेक्टर ओळीने चमकत पुढे गेलेले. आणि त्या ओळीतले तीन-चार ठिपके नव्हते. बस एवढंच. काही दिसलं नाही, फक्त जे दिसायला हवं होतं ते मध्येच तुटलं होतं. पाय काढला, वेग कमी केला, आणि जवळ गेल्यावर हेडलाईटमध्ये हळूहळू एक ट्रॉली तयार झाली, मातीने माखलेली, मागे एकही दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाखाली, अर्धी रस्त्यात उभी. तिच्या मागच्या फळकुटाचा रंग डांबरासारखाच. तेव्हापासून मी स्वतःला शिकवलंय की रात्री काय दिसतंय हे बघायचंच, पण काय दिसायचं बंद झालं हेही बघायचं. लांबचा एखादा दिवा क्षणभर विझून परत दिसला तर मधून काहीतरी गेलं. समोरच्या गाडीच्या दोन लाईटपैकी एक लपला आणि परत आला तर तिच्यासमोरून कोणीतरी चाललंय. पुढच्या गाडीच्या टेललाईटची जोडी एकदम बाजूला सरकली तर तिने काहीतरी चुकवलंय, आणि ते आता तुमच्या वाट्याला येणार.

समोर एकच दिवा दिसला तर ती बाईकच असेल असं धरू नका, एक लाईट गेलेली मोठी गाडीही असते, आणि गेलेला लाईट नेमका तुमच्या बाजूचा असतो. जागा सोडून जा. ओव्हरटेक करताना समोरच्या दिव्यावरून अंतर आणि वेग दोन्ही फसवतात, दोन दिवे लांब असले की जवळपास स्थिर वाटतात आणि मग एकदम अंगावर येतात. शंका असेल तर नाही करायचं ओव्हरटेक.

जनावरांचे डोळे लांबून चमकतात, हिरवट किंवा पिवळट जोडीने, कारण त्यांच्या डोळ्यात मागे आरशासारखा थर असतो. पण जनावराने मान फिरवली की तेही नाही, आणि माणसाच्या डोळ्यात तो थर नसतो, म्हणजे माणूस कधीच चमकत नाही. एक जनावर ओलांडून गेलं तर मागे दुसरं आहे असंच समजा. एकदम समोर आलं तर सरळ रेषेत जोरात ब्रेक, स्टेअरिंग झटका देऊन फिरवू नका, अशा झटक्याने गाडी उलटते नाहीतर झाडावर जाते.

रस्त्यातले ते चमकणारे ठिपके, कॅट्स आय, यॉर्कशायरच्या पर्सी शॉ नावाच्या माणसाने १९३४ साली त्याचं पेटंट घेतलं. त्याच्या डिझाईनमध्ये रबराच्या गादीत काचेचे मणी होते आणि चाक वरून गेलं की रबर दाबून मणी पुसले जायचे, स्वतःच स्वतःला पुसणारा रस्त्याचा डोळा, मला ही कल्पना फार आवडते. यांचा रंग वेगवेगळ्या कडांना वेगळा असतो आणि तो देशागणिक बदलतो, तुम्ही जिथे चालवता तिथला एकदा बघून ठेवा, वळणावर रस्ता कुठे जातोय ते हेच आधी सांगतात.

पुढच्या गाडीपासून अंतर दिवसा दोन सेकंदांचं सांगतात, रात्री मी चार ठेवते. मध्ये कोणी घुसलं तर घुसू दे.

पाऊस आणि धुकं

ओला रस्ता रात्री आरसा होतो. तुमच्या हेडलाईटचा उजेड त्यावरून घसरून पुढे निघून जातो, परत तुमच्याकडे येतच नाही, म्हणून लाईट लावलेत की नाही असं वाटतं. पट्ट्यांच्या रंगात बारीक काचेचे मणी असतात त्यामुळे त्या चमकतात, पण वर पाणी साचलं की त्याही गायब. वरून समोरच्यांचे दिवे रस्त्यावर लांबच लांब पसरलेले. ब्रेकला अंतरही जास्त लागतं. तेव्हा वेग कमी करणे हाच उपाय, दुसरा नाही.

धुक्यात हाय बीम लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, थेंबांवरून सगळा उजेड परत डोळ्यात. लो बीम आणि असतील तर खालचे फॉग लॅम्प. मागचा लाल फॉग लॅम्प असेल तर दाट धुक्यातच लावा आणि धुकं विरळ झालं की आठवणीने बंद करा, तो ब्रेकलाईटएवढाच प्रखर असतो आणि मागच्याला गोंधळवतो. चालत्या गाडीत चारही ब्लिंकर लावून जाऊ नका, मागच्याला तुम्ही थांबलात की चाललात ते कळत नाही आणि वळायचं असेल तर इंडिकेटर उरत नाही. पुढच्याचे टेललाईट धरून त्याच्या मागे मागे जाणं सोयीचं वाटतं, पण तो खड्ड्यात गेला की तुम्हीही. अगदीच दिसेना झालं तर रस्ता पूर्ण सोडून, बाहेर एखाद्या मोकळ्या जागेत थांबा, लेनमध्ये नाही.

झोप

बाकी सगळं सवयीने जमतं, झोपेचं तसं नाही. कितीही वर्षं चालवत असाल तरी झोपेपुढे कोणाचं काही चालत नाही. शरीराचं घड्याळ रात्री दोन ते सहाच्या दरम्यान सगळ्यात खाली असतं, तेव्हा पोट भरलेलं असो नसो, गाणी चालू असोत नसोत, डोळे मिटायला बघतात. डॉसन आणि रीड या दोन संशोधकांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये दाखवलं होतं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची हात आणि डोळ्यांची चपळाई रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी उतरते. सकाळी सहाला उठून दिवसभर काम करून रात्री अकराला गाडी काढली की झाले १७ तास. एक थेंब न पिता.

डुलकी अशी सांगून येत नाही. डोळे उघडे असतानाच मेंदू दोन-चार सेकंद बंद होतो. ८० च्या वेगात तीन सेकंद म्हणजे ६५ मीटरच्या वर गाडी विनाचालक. त्याआधी खुणा दिसतात, त्या ओळखा. सारखी जांभई, पापण्या जड, मान मध्येच झटक्याने सावरते, गाडी पट्टीवर जाऊन चाकाखाली खडखड येते. माझी खूण वेगळीच आहे, मागचे दोन किलोमीटर कसे आले तेच आठवत नाही. ते झालं की मी पुढची सुरक्षित जागा बघून थांबते, घर पंधरा मिनिटांवर असलं तरी. "आता आलंच की" या वाक्यावर माझा अजिबात भरवसा नाही.

काच उघडून वारा घेणं, मोठ्याने गाणी, तोंडावर पाणी, याने पाच-दहा मिनिटं बरं वाटतं आणि त्या भरवशावर माणूस आणखी तासभर चालवतो. खरा उपाय झोपच. उजेडाची, माणसं असलेली जागा बघा, रस्त्याच्या कडेला नको. इंजिन बंद, दारं लॉक, काच बोटभर उघडी, पंधरा-वीस मिनिटांचा गजर. कॉफी प्यायची असेल तर झोपायच्या आधी प्या, कॅफिन चढायला वीस-तीस मिनिटं लागतात, उठाल तेव्हा ती कामाला लागलेली असते. त्याहून जास्त झोपलात तर उठल्यावर बराच वेळ गुंगी राहते, तेव्हा एकतर छोटी डुलकी नाहीतर सरळ मुक्काम. उठल्यावरही लगेच किल्ली फिरवू नका, खाली उतरून जरा चाला. सर्दीच्या काही गोळ्यांनी जबरदस्त पेंग येते, पाकिटावर लिहिलेलं असतं, ते वाचा. आणि दर दोन तासांनी थांबायचं म्हणजे थांबायचं, झोप येत असो वा नसो.

शेजारी बसलेला झोपला तर ड्रायव्हरलाही झोप येते असं माझं मत आहे, शास्त्र काय म्हणतं माहीत नाही, माझ्या गाडीत पुढच्या सीटवर झोपायला बंदी आहे.

मध्येच गाडी बंद पडली तर

चारही ब्लिंकर लावा, वेग आहे तोवर गाडी जितकी बाहेर घेता येईल तितकी घ्या. उतरताना रहदारीपासून लांबच्या बाजूने उतरा. चमकणारं जाकीट असेल तर घाला, मग गाडीतला इशाऱ्याचा चमकणारा लाल त्रिकोण घेऊन मागे जा, तो आपल्या पुढ्यात धरून चाला म्हणजे येणाऱ्याला तुम्ही दिसाल. किमान ५० मीटर मागे, वेगवान रस्ता असेल तर १०० किंवा जास्त, कारण ८० ने येणाऱ्याला ५० मीटर म्हणजे सव्वादोन सेकंद फक्त. वळण असेल तर वळणाच्या अलीकडे.

मग होतं काय, घरातले सगळे उतरून गाडीच्या मागे घोळका करून उभे राहतात, डिकी उघडतात, आणि सगळे मिळून टेललाईट झाकून टाकतात. येणाऱ्याला काहीच दिसत नाही आणि पहिला फटका त्यांनाच. सगळ्यांनी रस्ता सोडून कठड्याच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं, गाडीपासून लांब, फोन तिथूनच करायचा. स्टेपनी बदलायचा पराक्रम अंधाऱ्या हायवेवर नको.

सुरुवात कशी करायची

पहिल्या दोन-तीन वेळा संध्याकाळी, उजेड असताना निघा आणि अंधार पडेपर्यंत चालवा, रस्ता रोजचा ओळखीचा. मग पूर्ण रात्री तोच रस्ता, खांबांचे दिवे असलेला, शेजारी कोणीतरी अनुभवी. त्यानंतर थोडा अंधारा रस्ता, हाय बीम-लो बीम न बघता हाताला सापडेपर्यंत. पाऊस आणि घाट सगळ्यात शेवटी. मित्रांनी गच्च भरलेली गाडी पहिले काही महिने रात्री नकोच, गप्पांमध्ये स्पीडोमीटर कोणी बघत नाही.

भाच्याची ही सहावी-सातवी रात्र असेल. अंधारा रस्ता, मी शेजारी, मुद्दाम गप्प. त्याने मध्येच पाय काढला आणि म्हणाला, "मावशी, तिकडची पट्टी गेली." मला दिसली नव्हती. हळूहळू पुढे गेलो तर कोणीतरी कापलेल्या फांद्यांचा ढीग कडेला टाकून ठेवला होता, पानं सुकलेली, पट्टीवर आलेला. त्याने डिपर देऊन मागच्याला ब्रेकलाईट दाखवत बाजूने गाडी काढली आणि मला विचारलं, "आता चार मोजू का परत?"